टाकीच्या गळ्यावरची रेघ

गेल्या एप्रिलमध्ये भाच्याच्या वाढदिवसासाठी आम्ही घरची मंडळी लोणावळ्याच्या बाजूला एका सहलीच्या ठिकाणी गेलो होतो. तिथे पेंटबॉलचे मैदान होते. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बोराएवढ्या जिलेटिनच्या गोळीत रंग भरलेला असतो, बंदुकीसारख्या दिसणाऱ्या यंत्रातून ती गोळी सुटते, आणि ज्याच्या अंगावर रंग फुटतो तो बाद होतो. या यंत्राला बंदूक न म्हणता 'मार्कर' म्हणतात. मार्कर म्हणजे खूण करणारा. हे नाव का पडले ते पुढे येईलच.

मुले खेळत होती आणि मी शेडमध्ये बसून होतो. शेडच्या कडेला पत्र्यावर मार्करच्या पाच-सहा टाक्या भर उन्हात आडव्या पडल्या होत्या. एक हात लावून पाहिली तर चटका बसला. काउंटरवरच्या मुलाला मी म्हणालो, "अरे दादा, या सावलीत तरी ठेव." तो हसून म्हणाला, "काका, काय होत नाही. रोज असंच असतं."

त्या दिवशी खरेच काही झाले नाही. पण मला माझ्या वडिलांची आठवण झाली. सांगलीला आमचा गोटी सोड्याचा लहानसा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक हाताने फिरवायचे यंत्र आणि कोपऱ्यात वायूचा उंच सिलिंडर. चैत्र लागला की वडील त्या सिलिंडरवर ओले गोणपाट टाकत आणि दिवसातून चार वेळा त्यावर पाणी मारायला लावत. वायू किती उरला हे पाहायला ते सिलिंडर धान्याच्या काट्यावर चढवत. "काटा खरं बोलतो, घड्याळ नाही," असे ते म्हणत. घड्याळ म्हणजे दाब दाखवणारी तबकडी. ती खोटे का बोलते हे त्यांना सांगता येत नव्हते, आणि मलाही पुढे कित्येक वर्षे कळले नाही.

सोड्यातला वायू आणि त्या टाक्यांमधला वायू एकच, कार्बन डायऑक्साइड. त्या एप्रिलच्या दुपारनंतर मी या टाक्यांचा इतिहास धुंडाळू लागलो. हा विषय खेळाच्या सामानाचा असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती दोनशे-अडीचशे वर्षांची कहाणी निघाली. माणसाने दाब डब्यात कोंडायला कसे शिकले, आणि त्या शिकण्याची किंमत कोणी मोजली, याची ती कहाणी आहे.

खांद्याला लावलेली हवा

दारूगोळ्याशिवाय, नुसत्या हवेच्या जोरावर गोळी मारण्याची कल्पना जुनी आहे. तिचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे बार्थोलोमेउस जिरार्दोनी याने ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी बनवलेली बंदूक. १७८० च्या सुमारास ती सैन्यात दाखल झाली. तिच्यात एका वेळी वीस गोळ्या मावत. धूर होत नसे आणि आवाजही बेताचा. हवा साठवण्याची टाकी हाच तिचा दस्ता होता. लोखंडी पत्र्याची ती निमुळती टाकी सैनिक खांद्याला लावत असे.

मोटारीच्या चाकात आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो, म्हणजे दर चौरस इंचावर तितक्या पौंडांचा दाब. या लेखात 'पौंड' हा शब्द त्याच अर्थाने घ्यावा. जिरार्दोनीच्या टाकीत सुमारे आठशे पौंड दाब असे आणि तो भरायला हातपंपाचे पंधराशेच्या आसपास दट्टे मारावे लागत. सांधे गळत. चामड्याचे वायसर ओले राखावे लागत. सैनिकाला बंदूक चालवण्यापेक्षा टाकी सांभाळण्याचे शिक्षण जास्त द्यावे लागे. १८१५ पर्यंत ती सैन्यातून गेली. अमेरिकेच्या पश्चिमेच्या शोधासाठी निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांनी १८०४ ते १८०६ च्या मोहिमेत एक हवेची बंदूक बरोबर नेली होती. वाटेतल्या लोकांना चकित करण्यासाठी ती चालवून दाखवत.

इथे दोन गोष्टी नोंदवून ठेवू. एक, टाकी खांद्याला आणि गालाजवळ. पेंटबॉलमध्येही ती बहुधा तिथेच असते. दोन, हवा नुसती दाबून भरली तर दाब पंपावर अवलंबून असतो. जितके दट्टे तितका दाब, आणि वापरू तसा तो उतरत जातो. तबकडी लावली तर ती खरे सांगते. मात्र थोड्या जागेत पुष्कळ वायू हवा असेल तर दाब भयंकर वाढवावा लागतो, आणि त्या काळच्या धातूत ते बळ नव्हते.

द्रव झालेला वायू

ही अडचण सोडवण्याचा दुसरा मार्ग प्रयोगशाळेतून आला. १८२३ मध्ये लंडनला मायकेल फॅरडे यांनी जाड काचेच्या बंद नळ्यांमध्ये अनेक वायू स्वतःच्याच दाबाने द्रव करून दाखवले. कार्बन डायऑक्साइड त्यांपैकी एक. या प्रयोगांत नळ्या फुटल्या आणि काचेचे तुकडे फॅरडे यांच्या डोळ्यांत गेले. आज पेंटबॉलच्या मैदानावर चष्म्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, तो नियम गोळीमुळे आला हे खरे. पण दाबाखालच्या वायूने डोळ्यांवर घाला घालण्याची गोष्ट या खेळाच्या दीडशे वर्षे आधीची आहे.

पुढचे पाऊल पॅरिसमध्ये पडले. तिलोरिये नावाच्या संशोधकाने लोखंडी नळकांड्यात हा वायू मोठ्या प्रमाणावर द्रव केला, आणि १८३५ मध्ये त्याचा बर्फही करून दाखवला. त्याचे यंत्र पाहण्यासाठी व्याख्यानांना गर्दी होई. १८४० च्या अखेरीस पॅरिसच्या औषधशास्त्राच्या शाळेत व्याख्यानाची तयारी चालू असताना असेच एक ओतीव लोखंडाचे नळकांडे फुटले. ऑस्माँ एर्व्ही हा तयारी करणारा सहायक त्यात मरण पावला. ओतीव लोखंड वाकत नाही, सूचना देत नाही, एकदम तुकडे होऊन उडते. या कामासाठी ते वापरू नये हे या मृत्यूनंतर सर्वांना पटले. आज टाकी ॲल्युमिनियमची असो की पोलादाची, ती लवचीक धातूची असते, याच्या मुळाशी एर्व्ही आहे. व्याख्याने देणाऱ्यांची नावे पुस्तकांत राहिली. तयारी करणाऱ्याचे नाव फक्त तो मेला म्हणून राहिले.

द्रव कार्बन डायऑक्साइडचे वागणे नीट समजावून सांगितले ते बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी, १८६९ मध्ये. त्यांनी दाखवले की सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. वडिलांच्या 'खोट्या घड्याळा'चे उत्तर मला इथे सापडले.

टाकीत जोवर थोडासा तरी द्रव आहे तोवर दाब किती राहील हे उरलेल्या वायूच्या प्रमाणावर ठरत नाही, फक्त तपमानावर ठरते. शून्य अंशाला सुमारे ५०० पौंड, २१ अंशाला सुमारे ८५०, आणि ३१ अंशाला सुमारे १०७०. टाकी भरलेली असो की तळाशी चमचाभर द्रव उरलेला असो, तबकडी तोच आकडा दाखवते. म्हणून काटाच खरे बोलतो. रिकाम्या टाकीचे वजन माहीत हवे आणि भरल्यावरचे वजन पाहायला हवे.

यातून दुसरी, जास्त गंभीर गोष्ट निघते. द्रव तापला की फुगतो. टाकीत वर मोकळी जागा असेल तर ठीक. ती जागा संपली की पुढे प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. म्हणून टाकीत जितके पाणी मावेल त्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश इतकाच हा वायू भरतात. अमेरिकेत हे प्रमाण ६८ टक्के आहे. ब्रिटिश व्यवहारात यासाठी दोन आकडे रूढ झाले: थंड देशासाठी पाऊण भाग आणि उष्ण कटिबंधासाठी दोन तृतीयांश. या दोन अपूर्णांकांतला फरक म्हणजे आपला उन्हाळा. नियमाप्रमाणे भरलेल्या टाकीतही ४५ अंशाला दाब २१ अंशाच्या दुपटीच्या आसपास जातो. जास्त भरलेल्या टाकीचा हिशेब मांडण्यात अर्थच नाही. माझ्या वडिलांना अँड्र्यूज माहीत नव्हते, पण ओले गोणपाट माहीत होते.

खिशातला वायू

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी द्रव वायू प्रयोगशाळेतून बाजारात आला. पॉल जिफार या फ्रेंच माणसाने १८९० च्या सुमारास द्रव कार्बन डायऑक्साइडवर चालणारी बंदूक विकायला काढली. तिच्या नळीखाली वायूची लांबट टाकी बसवलेली असे. शिकारीच्या आणि युद्धाच्या बंदुकांपुढे तिचा निभाव लागला नाही. त्याच दशकात लंडनमध्ये घरच्या घरी सोडा बनवण्यासाठी वायूच्या छोट्या पोलादी कुप्या निघाल्या. कुपीच्या तोंडाला सुई लावून भोक पाडायचे, वायू बाहेर येतो, काम झाले की कुपी फेकून द्यायची. ही युक्ती साधी होती, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने फार शहाणपणाची. कुपी कारखान्यात मोजून भरलेली असते. ग्राहक ती परत भरत नाही. तिच्यावर झडप नसते, त्यामुळे झडप निसटण्याचा प्रश्नच येत नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या क्रॉसमन कंपनीने आपल्या छर्ऱ्याच्या पिस्तुलांसाठी १२ ग्रॅम वायूच्या कुप्या रूढ केल्या. बारा ग्रॅम म्हणजे बाहेर सोडल्यावर साधारण साडेसहा लिटर वायू.

याच सुमारास या कहाणीत रंग येतो. मिशिगन राज्यातली नेल्सन पेंट कंपनी जंगलात झाडांवर खुणा करण्याचे रंग बनवत असे. कोणते झाड तोडायचे, कोणते राखायचे, याची खूण वनरक्षक करत. नदी-ओढ्यापलीकडच्या झाडाला ब्रश पोहोचत नाही. तेव्हा जिलेटिनच्या गोळीत तेलाचा रंग भरून ती वायूच्या पिस्तुलाने मारावी, असा उपाय निघाला. औषधाच्या मऊ कॅप्सूल बनवणाऱ्या यंत्रांवरच या गोळ्या बनू लागल्या. पिस्तूल आधी क्रॉसमनने आणि मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेझी कंपनीने बनवले. डेझीच्या पिस्तुलाचे नाव 'नेलस्पॉट ००७', आणि त्याचे पेटंट जेम्स हेल यांच्या नावावर आहे. गुराखी त्याने कळपातल्या जनावरांवरही खुणा करत. म्हणून हे 'मार्कर'. माणसावर ते रोखण्याचा विचार बनवणाऱ्यांच्या मनात नव्हता.

हेनिकरचे रान

२७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जण जमले. लेखक चार्ल्स गेन्स, शेअर दलाल हेज नोएल आणि त्यांचा मित्र बॉब गर्नसी यांनी हा घाट घातला होता. गेन्स आणि नोएल यांच्यात एक जुना वाद होता: रानात निभावून नेण्याची हुशारी शहरात तयार होते की खेड्यात? तो मिटवायला त्यांनी नेलस्पॉट पिस्तुले घेतली. रानभर झेंडे लावले. दुसऱ्याच्या गोळीने न रंगता सर्व झेंडे गोळा करून बाहेर येणारा जिंकला.

जिंकला तो रिची व्हाइट नावाचा स्थानिक वनकामगार. त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही. बाकीचे एकमेकांवर रंग उडवत असताना तो झाडांआडून चालत राहिला. जगातला पहिला पेंटबॉल सामना जिंकणाऱ्याच्या हातातला वायू, असे म्हणायला हरकत नाही, वापरलाच गेला नाही.

पुढच्या दोन-चार वर्षांत हा खेळ अमेरिकेत आणि बाहेर झपाट्याने पसरला. सुरुवातीचा खेळाडू कमरेच्या पट्ट्यात बारा ग्रॅमच्या कुप्या घेऊन फिरे. एका कुपीत वीस-पंचवीस गोळ्या सुटत. कुपी संपली की लपून बदलायची. खेळ सावकाश चाले, आणि ही सावकाशीच त्याची सुरक्षितता होती.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर खेळाडूंनी मार्करला मोठ्या, परत भरता येणाऱ्या टाक्या जोडायला सुरुवात केली. त्याला 'अखंड वायू' असेच नाव पडले. सात, नऊ, बारा, वीस औंसांच्या टाक्या आल्या. स्वयंचलित मार्कर आले. सेकंदाला अनेक गोळ्या सुटू लागल्या. आणि अँड्र्यूजच्या नळ्यांमधले सगळे जुने प्रश्न आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातात आले.

सकाळच्या गारव्यात गोळीचा वेग नेमका करून घेतलेला मार्कर दुपारच्या उन्हात आपोआप जोरात मारू लागतो, कारण टाकीतला दाब तपमानाबरोबर चढतो. मैदानांवर वेगाची मर्यादा सर्वसाधारणपणे सेकंदाला ३०० फुटांच्या आत असते आणि वेग मोजायला यंत्र असते. तो एकदा सकाळी मोजून भागत नाही, ऊन चढल्यावर परत मोजावा लागतो. उलट, भराभर गोळ्या मारल्या की द्रवाचा वायू होताना टाकी बर्फासारखी गार पडते, दाब उतरतो, आणि कधी द्रवच मार्करमध्ये शिरून आतले रबरी वायसर बिघडवतो. म्हणून द्रव मागे राहावा यासाठी टाकीत वर वाकवलेली नळी बसवतात.

परत हवेकडे

१९९० च्या दशकात खेळाडू जिरार्दोनीच्या वाटेने परत फिरले. साधी हवा किंवा नायट्रोजन, फक्त दाबलेला, द्रव न केलेला. मधल्या दोनशे वर्षांत धातू सुधारला होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे धागा आला होता. अमेरिकेची अवकाश संस्था नासा हिने १९७० च्या दशकात अग्निशामक दलाच्या जवानांसाठी श्वासाच्या हलक्या टाक्या तयार करवल्या. अग्निबाणाच्या कवचाचे तंत्र त्यात वापरले होते: आत ॲल्युमिनियमचे पातळ अस्तर, वरून राळेत भिजवलेल्या धाग्याचे वेढे. पुढे कार्बनच्या धाग्याने त्या आणखी हलक्या झाल्या. जवानाच्या पाठीवरची ही टाकी लहान होऊन खेळाडूच्या खांद्याला आली.

या टाक्यांवर दोन आकडे असतात. ४८/३००० म्हणजे ४८ घनइंचांची टाकी, ३००० पौंडांपर्यंत भरायची. ६८/४५०० म्हणजे ६८ घनइंच, ४५०० पौंड. पहिल्या बहुधा सगळ्या ॲल्युमिनियमच्या, दुसऱ्या कार्बन धाग्याच्या. टाकीच्या तोंडावर दाबनियंत्रक असतो. तो आतल्या ४५०० चे बाहेर ८०० च्या आसपास करून देतो.

निवड कशी करायची, असे मला आता लोक विचारतात. मी हिशेब मांडून दाखवतो. वीस औंसांची कार्बन डायऑक्साइडची टाकी आणि ६८/४५०० ची हवेची टाकी, दोन्हींतून बाहेर येणारा वायू जवळजवळ सारखाच, सुमारे तीनशे लिटर. पहिलीत हा साठा ८५० पौंडांत राहतो, कारण तो द्रव आहे. दुसरीला त्यासाठी पाचपट दाब लागतो. मग हवेत जास्त धोका का नाही? धोका आहेच, पण तो दिसणारा आहे. तबकडीवर आकडा दिसतो, उन्हाने तो थोडासाच वाढतो, वापरला की उतरतो. गोळीचा वेग सकाळ-दुपार सारखा राहतो. कार्बन डायऑक्साइडचा धोका हवामानावर आणि भरणाऱ्याच्या काट्यावर अवलंबून असतो. म्हणून ज्याच्याकडे साधा, पंपाचा मार्कर आहे, हवा थंड आहे आणि वजन करून भरणारा माणूस आहे, त्याला कार्बन डायऑक्साइड स्वस्त आणि पुरेसा. विजेवर चालणारा मार्कर असेल किंवा उन्हाळ्याचा मुलूख असेल, तर हवा. कोणत्या मार्करला कोणता वायू चालतो हे बनवणाऱ्याने लिहिलेले असते, ते आधी पाहावे.

हवेच्या टाकीचे स्वतःचे दोन नियम आहेत. एक, भरण्याच्या तोंडात तेल किंवा ग्रीस कधीही घालायचे नाही. हवा एकदम दाबली की तापते, आणि त्या तापाने तेल पेटते. डिझेल इंजिनात नेमके हेच घडवतात. त्याच कारणाने टाकी हळूहळू भरायची. दुसरा नियम, धाग्यावर खोल ओरखडा पडला असेल तर टाकी वापरायची नाही. तिचे बळ त्या धाग्यातच असते.

गळ्यावरची रेघ

आता या कहाणीतली सगळ्यात दुःखद नोंद. २००४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने एक इशारा दिला. कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या झडपेपासून सुटून उडाल्याने दोन मृत्यू झाले होते. एक पंधरा वर्षांचा मुलगा होता. दुसरी व्यक्ती खेळत नव्हती. ती आपल्या मुलाचा खेळ पाहायला आलेली आई होती.

टाकीला दोन आटे असतात. एका आट्याने झडप टाकीत बसलेली असते. हा सांधा कायमचा, खेळाडूने उघडायचा नसतो. दुसऱ्या आट्याने झडपेसकट टाकी मार्करवर बसते. हा रोज उघडायचा. दोन्ही आटे एकाच दिशेने सुटतात. झडप मार्करमध्ये घट्ट अडकली असेल आणि टाकीतला सांधा कोणी पूर्वी छेडून ढिला केला असेल, तर टाकी फिरवणाऱ्याला वाटते की ती मार्करवरून निघते आहे. प्रत्यक्षात टाकी झडपेवरून निघत असते. शेवटचा आटा सुटला की आतला सगळा दाब एका तोंडातून बाहेर पडतो आणि टाकी अग्निबाण होते.

यावर सुचवलेला उपाय वाचून मी थोडा वेळ थांबलो. झडप आणि टाकी यांच्या सांध्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नेलपॉलिशही चालते. टाकी फिरवताना त्या रेघेकडे पाहायचे. रेघ अखंड राहून सगळे एकत्र फिरत असेल तर ठीक. रेघ तुटली, वरचा तुकडा जागीच राहिला आणि खालचा सरकला, तर तिथेच थांबायचे, लोकांना दूर करायचे आणि जाणकाराला बोलवायचे. कोणते झाड तोडायचे हे सांगायला जे यंत्र जन्मले, त्याच्या टाकीवर शेवटी कोणती टाकी फिरवू नये हे सांगणारी खूण आली, आणि तीही रंगाचीच.

झडपेच्या अंगात तांब्याची एक पातळ चकती असते. दाब फार चढला की ती आधी फाटते आणि वायूला वाट देते. चकती फाटली म्हणून तिथे जाड चकती किंवा साधा बोल्ट बसवणारे लोक असतात. त्यांच्यापेक्षा ती चकती शहाणी म्हणायची. टाकीच्या खांद्यावर ठोकलेली तारीख हीही एक खूण. पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याची ती तारीख असते. १८०० पौंडांची टाकी या चाचणीत ३००० पौंडांना तपासतात. अमेरिकेत ही चाचणी सर्वसाधारणपणे दर पाच वर्षांनी होते, आणि कार्बन धाग्याच्या टाकीचे आयुष्य बहुधा पंधरा वर्षे धरतात. त्यानंतर ती कितीही नवी दिसली तरी भंगारात.

आपल्याकडे हा कारभार ज्या खात्याकडे आहे त्याचे मुख्यालय नागपूरला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना हे त्याचे आजचे नाव. १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखाली वायू सिलिंडरचे नियम १९४० मध्ये झाले, आणि १९८१, २००४ व २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. सिलिंडर मंजूर नमुन्याचा हवा, भरणाऱ्याकडे परवाना हवा, ठरलेल्या मुदतीने तपासणी हवी. ४५ अंशांच्या उन्हाळ्याच्या शहरातून हे नियम निघतात, हे मला योग्यच वाटते. मात्र नियम नागपुरात असतो आणि टाकी पत्र्यावर असते. मधले अंतर काउंटरवरच्या मुलाने चालायचे असते. त्याला ते कोणी शिकवलेले नसते.

त्या मुलाला मी दोष देत नाही. "काय होत नाही" हे त्याचे म्हणणे अनुभवातूनच आले होते. रोज काही होत नाही, हे खरेच आहे. पॅरिसच्या त्या व्याख्यानगृहातही आधीच्या कित्येक प्रयोगांत काही झाले नव्हते. दाबाच्या बाबतीत अनुभव हा चांगला गुरू नाही, कारण तो धडा एकदाच देतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याला देतो. म्हणून आपल्या अनुभवाबरोबर दुसऱ्यांचा इतिहास जवळ ठेवावा लागतो.

यंदा मार्चमध्ये मी परत त्या ठिकाणी गेलो. एकटाच. मुलगा तोच होता. बरोबर मी एक लहान काटा आणि लाल नेलपॉलिशची बाटली नेली होती. ती पाहून तो आधी हसला. मग आम्ही दोघांनी बसून प्रत्येक टाकीच्या खांद्यावरची तारीख वाचली. एका टाकीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. ती त्याने बाजूला काढली, झडप सावकाश उघडून रिकामी केली आणि आत ठेवून दिली. बाकीच्यांवर आम्ही रेघा ओढल्या. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

निघताना त्याने विचारले, "काका, आणि उन्हाचं काय करायचं?"

मी म्हणालो, "गोणपाट आहे का रे कुठं?"